हलक्या ग्रेडच्या ओकच्या फळ्या घेतल्यात, लावू की परत करू?

पाऊलवाट
नमस्कार मंडळी, बरेच दिवस इथे नुसतं वाचत होतो, आज पहिल्यांदाच धागा काढतोय कारण खरंच अडलोय. दोन खोल्या मिळून साधारण ३४० चौरस फूट लाकडी फ्लोअरिंग करायचंय, स्वतःच्या हातांनी. अस्सल ओकच हवा होता पण वरच्या ग्रेडचा परवडणारा नव्हता, म्हणून विकणारे ज्याला युटिलिटी ग्रेड म्हणतात तो माल घेतला. एकूण ४२० चौरस फूट, पाऊण इंच जाड, सव्वादोन इंच रुंद, पॉलिश न केलेला. काल पहिला गठ्ठा सोडला आणि पोटात गोळा आला. गाठी तर आहेतच, पण काही फळ्यांवर लांबच्या लांब काळे पट्टे, काहींची टंग (शेजारच्या फळीच्या खाचेत बसणारी कडेची जीभ) तुटलेली, दोनतीन तर धनुष्यासारख्या वाकलेल्या, आणि लांबी म्हणाल तर ९ इंचांपासून जेमतेम ३ फूट, मोठी फळी शोधावी लागते. घरी सगळे म्हणतायत परत कर. मला अजून वाटतंय की यातून काहीतरी चांगलं होईल. तीन प्रश्न आहेत, हे लाकूड कमजोर असतं का, किती वाया जाईल, आणि असा माल लावायची काही वेगळी पद्धत असते का? खाली तुळयांवर पाऊण इंची प्लायवूड आहे. याआधी एकदा लॅमिनेट लावलंय, खिळ्यांचं काम पहिल्यांदाच करणार.

सुतारपक्षी
परत करू नका, निदान सगळे गठ्ठे सोडून बघितल्याशिवाय तरी नका करू.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो कारण बाकी सगळं त्यावर आहे. ग्रेड ही मुख्यतः दिसण्याची असते, ताकदीची नाही. ओकमध्ये वरून खाली क्लिअर, सिलेक्ट, नंबर १ कॉमन, नंबर २ कॉमन अशी उतरंड आहे आणि खाली येताना काय वाढतं तर गाठी, रंगातला फरक, काळे खनिज पट्टे, किड्यांची बारीक भोकं, आणि फळ्यांची लांबी कमी होत जाते. लाकूड तेच. रेड ओकचा कठीणपणा जांका मापात १२९० च्या आसपास आणि व्हाइट ओकचा १३६०, मग ती फळी क्लिअर असो की नंबर २. म्हणजे खुर्चीचा पाय घासला तर दोन्हींवर सारखाच ओरखडा येणार.

पण तुमचा माल नंबर २ च्याही खालचा आहे. युटिलिटी, केबिन, टॅव्हर्न या नावांना ठरलेली व्याख्या नसते, प्रत्येक मिल आपापल्या मनाने वापरते, त्यामुळे गठ्ठ्यात नुसता कुरूप मालही असू शकतो आणि मशीनवर चुकलेला मालही असू शकतो. हा फरक फार महत्त्वाचा आहे. गाठ, पट्टा, पांढरट कड हे सगळं बिनधास्त लावा. जिची जाडी कमी निघाली, जिची टंग नाही, जिला आरपार भेग आहे, पिळलेली आहे, तिच्याकडे मात्र संशयाने बघायचं.

तर सगळे गठ्ठे सोडा. सगळे म्हणजे सगळे. एकेक फळी हातात घ्या, कडेला डोळा लावून बघा, गाठीवर अंगठा जोरात दाबा, हलली तर ती गाठ कधीतरी निघणारच. चार ढीग करा. पहिला सरळ आणि लांब, दुसरा सरळ पण आखूड, तिसरा ज्यातला खराब भाग कापून बाकीचा वापरता येईल असा, चौथा सरपणाचा. दोन दिवस जातील यात, जाऊ देत. ज्याने पैसे वाचवलेत त्याला हे दोन दिवस द्यावेच लागतात.

वाया जायचं म्हणाल तर चांगल्या मालात ५ ते १० टक्के धरतात, यात १५ ते २० धरा. तुमच्याकडे ८० फूट जास्तीचे आहेत, पुरायला हवेत.

धाकलीपाती
मला नाही पटत. इतका वेळ, इतकी कटकट, त्यापेक्षा साधं इंजिनिअर्ड (खाली प्लाय, वर अस्सल लाकडाचा थर) घ्यायचं, क्लिक करून दोन दिवसांत खोली तयार. पहिल्यांदाच खिळ्यांचं काम करणाऱ्याला असला माल देणं म्हणजे पोहायला शिकणाऱ्याला पुरात सोडणं आहे.

सुतारपक्षी
@धाकलीपाती, घाई असेल तर तुमचं बरोबर आहे, मी नाही म्हणणार नाही. पण पाऊण इंची भरीव फळीत टंगच्या वर साधारण पाव इंच लाकूड असतं, ते आयुष्यात कितीतरी वेळा घासून नवं करता येतं. स्वस्त इंजिनिअर्डचा वरचा थर कधीकधी इतका पातळ असतो की एकदाही धड घासता येत नाही. आणि दोष दिसत असलेल्या फळीवर शिकायला मिळणं हे मी तरी चांगलंच मानतो, क्लिअर ग्रेडच्या एका फळीवर करवत चुकली तर जीव जातो.

कोवळंऊन
पाऊलवाट, मी दोन वर्षांपूर्वी हेच केलंय, ओक नाही, हिकरी होतं, आमच्याकडे तर एका फळीत चॉकलेटी आणि पांढरं दोन्ही. मी केलेली एक चूक सांगते म्हणजे तुमची वाचेल. मी गठ्ठा सोडायचा, लावायचा, मग पुढचा सोडायचा असं केलं. तिसरा गठ्ठा सगळाच्या सगळा गडद निघाला, बहुतेक एकाच झाडाचा असेल, आणि खोलीच्या एका कोपऱ्यात असा डाग पडल्यासारखं दिसायला लागलं की बघवेना. शेवटी सव्वीस फळ्या उखडल्या, त्यातल्या अर्ध्या उखडताना फाटल्या. म्हणून सगळे गठ्ठे सोडून एकत्र मिसळा आणि एका वेळी सात आठ ओळी न ठोकता नुसत्या जमिनीवर मांडून बघा. उभं राहून बघा, दारातून बघा, संध्याकाळी दिवा लावून बघा. गडद फळ्या खोलीभर पसरल्या की नक्षी वाटते, एका ठिकाणी साचल्या की दोष वाटतो. एवढंच आहे ते.

पाऊलवाट
सगळ्यांचे मनापासून आभार. आज सहा गठ्ठे सोडले. धाकलीपाती, तुमची काळजी समजतेय, पण आता हात घातलाय तर बघतोच.

एक नवीन भीती. नऊ फळ्यांवर टाचणीच्या टोकाएवढी भोकं आहेत. काहींच्या कडेला काळपट रंग आहे, पण दोन फळ्यांमधून आपटल्यावर पिठासारखी पांढरट भुकटी पडली. हे जिवंत आहे का काय? सगळं घर पोखरलं जाणार नाही ना?

गाभारस
थांबा, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दोन्ही ढीग आत्ताच्या आत्ता वेगळे करा.

भोकाच्या कडा काळ्या असतील तर ते अँब्रोशिया भुंग्याचं काम, तो ओल्या ओंडक्यात शिरतो, स्वतःबरोबर बुरशी आणतो आणि ती बुरशी खातो, काळा डाग त्या बुरशीचाच. लाकूड वाळलं की बुरशी मरते आणि किडाही जगू शकत नाही. असलं भोक म्हणजे जुनी जखम, निर्धास्तपणे लावा, काही लोक तर मुद्दाम असं लाकूड शोधतात.

पिठासारखी भुकटी मात्र पावडरपोस्ट बीटलची खूण आहे. हा वाळलेल्या लाकडातच राहतो, आणि ओकसारख्या झाडांच्या बाहेरच्या फिक्या भागात, जिथे स्टार्च असतो तिथे. गाभ्याला सहसा हात लावत नाही. भट्टीत वाळवताना मरतो पण नंतर उघड्या गोदामात पडलेल्या मालाला परत लागू शकतो. त्या दोन फळ्या प्लास्टिकमध्ये बांधून घराबाहेर काढा, आणि त्यांच्याच गठ्ठ्यातल्या बाकीच्या फळ्या काळ्या कागदावर आडव्या ठेवा आठवडाभर. भुकटी पडली तर कागदावर लगेच दिसेल. पडली नाही तर वापरा. एक दिलासा असा की ही मादी उघड्या लाकडाच्या छिद्रांत अंडी घालते, एकदा वरून पॉलिशचा थर बसला की त्या बाजूने तिला जागाच उरत नाही. पण अळी आधीच आत असेल तर पॉलिश तिला मारत नाही, ती आतून भोक पाडून बाहेर येणारच, म्हणून तपासणी पॉलिशच्या आधी. आणि अशी भुकटी विकणाऱ्याला फोटोसकट दाखवा, गाठी चालवून घेणं वेगळं आणि जिवंत कीड चालवून घेणं वेगळं.

रेषेवरची
ग्रेडवर एवढी चर्चा झाली पण ओलाव्याबद्दल कोणीच बोललं नाही, आणि फ्लोअरिंग बिघडतं ते शंभरातल्या नव्वद वेळा गाठींमुळे नाही, ओलाव्यामुळे बिघडतं असं माझं ठाम मत आहे.

लाकूड हवेप्रमाणे ओलं कोरडं होत राहतं. खोलीतली आर्द्रता ३० टक्के असेल तर लाकूड साधारण ६ टक्के ओलाव्याला स्थिरावतं, ५० ला ९, आणि ७० ला १३ च्या पुढेमागे. आता सपाट कापाच्या रेड ओकचं गणित असं की ओलावा १ टक्क्याने बदलला की रुंदी ०.००३६९ पट बदलते. तुमची फळी ५७ मिलिमीटर रुंद, ओलावा ९ वरून १३ वर गेला तर एक फळी ०.८४ मिमी फुगेल. वाटतं काहीच नाही. पण १२ फूट रुंदीच्या खोलीत चौसष्ट फळ्या बसतात, म्हणजे मोकळं सोडलं तर ५४ मिमी, दोन इंचांहून जास्त! खिळे धरून ठेवतात म्हणून प्रत्यक्षात एवढं होत नाही, पण जोर तर तेवढाच लागतो, आणि त्या जोराने फळ्या उचलल्या जातात किंवा भिंतीला टेकून मध्ये फुगवटा येतो.

म्हणून तीन दिवस खोलीत माल ठेवला की झालं असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. दिवस मोजायचे नसतात, ओलावा मोजायचा असतो. मीटर आणा, पिनवाला साधा चालेल, आधी प्लायवूड वीस ठिकाणी मोजा, मग वेगवेगळ्या गठ्ठ्यांतल्या चाळीस फळ्या मोजा. ३ इंचांपेक्षा कमी रुंदीच्या फळीला प्लायवूडच्या तुलनेत ४ टक्क्यांपर्यंत फरक चालतो, ३ इंच किंवा त्याहून रुंद असेल तर २ टक्केच. घर जसं वर्षभर वापरणार तशीच हवा ठेवून मोजा. भिंतीचं प्लास्टर, रंग, सगळं ओलं काम आधी संपलेलं हवं.

आणि हो, गाठीजवळचे रेषे वळलेले असतात त्यामुळे ती जागा बाकी फळीपेक्षा वेगळी हलते, म्हणून हलक्या ग्रेडला ओलाव्याची काळजी उलट जास्तच घ्यावी लागते. लोकांना वाटतं स्वस्तातला माल आहे, तर काय एवढं बघायचं. मला याचा खरंच राग येतो.

पाऊलवाट
रेषेवरची, हे माझ्या डोक्यातच नव्हतं. मीटर आणला. प्लायवूड १० ते ११, फळ्या बहुतेक ७ ते ८, पण एक गठ्ठा १३ दाखवतोय. तो वेगळा उभा केलाय, मध्ये पट्ट्या घालून हवा खेळती ठेवलीय.

रेषेवरची
तो गठ्ठा शेवटी वापरा, ९ च्या खाली आल्यावरच. आणि तोपर्यंत प्लायवूड सपाट आहे का बघून घ्या, १० फुटांत पाव इंचाहून जास्त चढउतार नको, उंचवटा घासा, खोलगट भाग भरा. कुरकुरणाऱ्या जागी तुळईत स्क्रू मारून घ्या, वरून लाकूड आल्यावर ती कुरकुर कायमची तुमची.

सुतारपक्षी
आता लावण्याबद्दल. हे जरा लांबेल.

आधी प्लायवूडवर डांबरी कागद पसरा. मग खोलीतली सगळ्यात लांब सरळ भिंत निवडा, पण फळ्या तुळयांना आडव्या जातील अशीच. भिंतीपासून पाऊण इंच जागा सोडून चॉक लाइन मारा, म्हणजे खडू लावलेली दोरी ताणून सरळ रेघ. भिंत वाकडी असते, दोरी नसते, दोरीवर विश्वास ठेवा. पहिल्या तीन ओळींना तुमच्या पहिल्या ढिगातल्या सगळ्यात सरळ फळ्या द्या, या ओळी चुकल्या की चूक शेवटच्या भिंतीपर्यंत जाते.

आता तुटक्या मालाची जागा. हे मला एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी शिकवलं होतं आणि तेव्हापासून माझा निम्मा सरपणाचा ढीग कमी झाला. पहिल्या ओळीत ग्रूव्ह (टंग बसते ती खाच) भिंतीकडे असते आणि तिच्यात काहीच बसायचं नसतं, मग ग्रूव्ह फुटलेली सरळ फळी तिथे लावा. शेवटच्या ओळीत टंग भिंतीकडे असते आणि तीही तशी कापलीच जाते, मग टंग तुटलेल्या फळ्या तिकडे जपून ठेवा. एक टोक खराब असेल तर ते टोक कापून कापलेली बाजू भिंतीकडे करा, प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला आणि शेवटाला असा एक तुकडा लागतोच. खोल्या दोन आहेत म्हणजे अशा जागा शेकड्यांनी आहेत.

आखूड तुकड्यांचं दुखणं म्हणजे सांधे फार येतात. शेजारच्या दोन ओळींचे सांधे निदान ६ इंच लांब ठेवा, आणि एक ओळ सोडून पुढच्या ओळीत सांधा बरोबर समोर येऊन एच अक्षरासारखा आकार होत नाही ना बघा. ९ इंचांचे तुकडे एकापाशी एक लावू नका, लांबाच्या मध्ये एखादा घाला, किंवा कपाटाच्या आत सगळे संपवा. लांब फळ्या दारासमोर आणि खोलीच्या मध्यावर ठेवा, नजर आधी तिथे जाते.

वाकलेली फळी: कडेने थोडी वाकलेली असेल तर बसते. एक टोक ठोका, मग प्लायवूडमध्ये जुनी पटाशी रोवून तिच्या आणि फळीच्या मध्ये पाचर किंवा पहार घालून रेटा, फट मिटली की लगेच खिळा. टंगवर थेट हातोडी नको, मध्ये त्याच लाकडाचा तुकडा धरा. दोन हातांच्या जोराने मिटत नसेल तर अर्ध्यात कापा, अर्ध्या लांबीत वाक चौथाईच उरतो. पिळलेली फळी मात्र सरळ होत नाही, तिच्याशी झटू नका.

खिळे: फ्लोअरिंगच्या गनने टंगमधून तिरके, ८ ते १० इंचांवर एक, टोकापासून १ ते ३ इंचांत एक, आणि फळी कितीही आखूड असली तरी निदान दोन. गाठीतून खिळा मारू नका, फुटते. पहिल्या आणि शेवटच्या ओळींत गन शिरत नाही तिथे आधी भोक पाडून वरून मारा.

जाडीतला फरक: दोन फळ्या जोडून सांध्यावरून नख फिरवा. अर्धा मिमी असेल तर सँडर (जमीन घासायचं मशीन) काढेल. त्याहून पातळ फळी निघाली तर तिच्याखाली डांबरी कागदाची पट्टी घालून वर आणा, पूर्ण लांबीभर, मध्येच तुकडा नको नाहीतर पोकळ वाजेल.

दुपारच्या_गप्पा
मध्येच विचारतो, आमच्याकडे खाली काँक्रीटची स्लॅब आहे, असाच माल थेट चिकटवला तर चालेल का?

सुतारपक्षी
मी नाही चिकटवणार. वाकडी भरीव फळी गोंद सुकेपर्यंत धरून ठेवणं अवघड, जागोजागी सुटते. स्लॅबचा ओलावा तपासून त्यावर जाड पॉलिथीन, निदान ०.१५ मिमी, त्यावर पाऊण इंची प्लायवूड आणि मग खिळे. जमिनीची उंची वाढेल, दारं बघून घ्या.

पाऊलवाट
तीन आठवडे झाले, क्षमस्व, हातात वेळच नव्हता. दोन्ही खोल्या ठोकून झाल्या!!

हिशोब देतो कारण कोणाच्या तरी उपयोगी पडेल. ४२० फुटांतले ३८ फूट पूर्ण बाद, त्यात त्या किडीच्या दोन फळ्या (त्या गठ्ठ्यातल्या बाकीच्यांखाली कागदावर काहीच पडलं नाही, गाभारस तुमचे उपकार), बाकी पीळ आणि आरपार भेगा. कापाकापीत २७ फूट गेले. ३४० लागले, १५ उरलेत. म्हणजे साडेपंधरा टक्के वाया. ग्रूव्ह फुटलेल्या फळ्या पहिल्या ओळीत ही युक्ती वाचून मी अक्षरशः सरपणातून चौदा फळ्या परत आणल्या.

घरचे आता येऊन उभे राहून बघतात. माझ्या मुलीने एका फळीवरच्या गाठीला घुबड नाव ठेवलंय.

आता पुढचा प्रश्न, अकरा ठिकाणी गाठी निघालेल्या आहेत, दोन तर आरपार, आणि सांध्यांमध्ये कुठे कुठे फट आहे. सगळं फिलरने भरू का?

कोवळंऊन
घुबडावर काही भरू नका!

गाठींच्या भोकांना पाण्याचा फिलर नका वापरू, खोल जागी तो सुकताना आक्रसतो आणि वर्षभरात टोपीसारखा निघतो. इपॉक्सी घ्या, त्यात काळा किंवा गडद तपकिरी रंग मिसळा. लाकडाच्या रंगाशी जुळवायला जाऊ नका, कधीच जुळत नाही आणि ठिगळ दिसतं, काळं केलं की गाठीचाच भाग वाटतो. भोकातली सुटी साल, भुसा टोकदार काहीतरी घेऊन खरवडून काढा. खोल भोक एकदम भरू नका, जाड थर तापतो आणि बुडबुडे येतात, दोन वेळा भरा. आरपार भोक ठोकण्याआधी मागून टेप लावून भरायचं असतं, आता झालं ते झालं, पहिला थर अगदी थोडा आणि घट्टसर मिसळून घाला म्हणजे खाली वाहून जाणार नाही. पूर्ण कडक झाल्यावरच घासा, नाहीतर पॉलिशपेपर चिकटून वाया जातो. केसासारख्या भेगांना पातळ सायनोअॅक्रिलेट गोंद (सुपरग्लू), आपोआप आत ओढला जातो.

रेषेवरची
आणि फळ्यांमधल्या लांब फटी भरू नका, त्या ऋतूप्रमाणे उघडमीट करणार. आत्ता भरलं तर दमट दिवसांत पिळून बाहेर येईल. टोकांच्या सांध्यातली खाच भरलेली चालते, लांबीच्या दिशेने लाकूड जवळजवळ हलतच नाही.

सुतारपक्षी
घासायचं असं. ड्रम सँडर भाड्याने मिळतो, तो चालू असताना एका जागी एक क्षणही थांबवू नका, खड्डा पडतो. तुमच्याकडे फळ्या कमीजास्त जाडीच्या आहेत तर पहिला हात ३६ किंवा ४० नंबरने, फळ्यांना थोडा तिरका, १० अंशांच्या आसपास, म्हणजे उंचसखलपणा पटकन जातो. मग त्याच नंबरने सरळ, मग ६०, ८०, १००. नंबर गाळू नका. ४० वरून थेट १०० वर उडी मारली की ४० चे ओरखडे तसेच राहतात, आणि आत्ता दिसत नाहीत, पॉलिशचा पहिला हात बसल्यावर दिसतात. तेव्हा फार वाईट वाटतं. कडेला एजर (भिंतीलगत घासायचं छोटं मशीन), कोपऱ्यांत हाताने. सुरुवातीलाच वर आलेले सगळे खिळे खाली बसवा.

लोखंड आणि ओक यांचं वैर लक्षात ठेवा. ओकमध्ये टॅनिन असतं, त्यावर लोखंडाचा कीस आणि पाणी आलं की निळसर काळा डाग पडतो. म्हणून स्टीलवूल नको आणि ओलं फडकंही नको, कोरडा व्हॅक्युम. डाग पडलाच तर ऑक्झॅलिक आम्लाने निघतो पण ते विषारी आहे, हातमोजे, मास्क, आणि नंतर स्वच्छ पुसणं.

पाऊलवाट
पॉलिश कोणतं? तेलाचं पॉलियुरेथेन, पाण्याचं, की हार्डवॅक्स ऑइल (तेल आणि मेणाचं)?

कोवळंऊन
माझं मत हार्डवॅक्स. तेलाच्या पॉलीने लाकूड पिवळसर होतं आणि गडद हलका फरक आणखी उठून दिसतो, पाण्याचं रंग फारसा बदलत नाही आणि लवकर वाळतं. पण गाठींच्या जमिनीत कधी ना कधी एखादी जागा दुरुस्त करावी लागतेच, आणि हार्डवॅक्समध्ये तेवढाच तुकडा घासून परत तेल लावता येतं. पॉलीमध्ये ठिगळ लपवणं फार कठीण.

सुतारपक्षी
मी पॉलीवाला, चालण्याफिरण्याच्या जागी जास्त टिकते असा माझा अनुभव. पण दुरुस्तीचा मुद्दा खरा आहे, तुमच्या मालाला कोवळंऊन यांचंच ऐका.

एक गोष्ट दोन्हींना लागू, कृपया दुर्लक्ष करू नका. तेलाने भिजलेली फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. तेल वाळताना उष्णता निघते आणि चुरगळलेल्या ढिगात ती साचून आपोआप पेट घेते, रात्री सगळे झोपलेले असताना. बाहेर एकेक पसरून कडक वाळू द्या किंवा पाण्याने भरलेल्या झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात बुडवा. सँडरच्या पिशवीतला भुसाही रोज काम संपलं की घराबाहेर रिकामा करा.

पाऊलवाट
फडकी दोरीवर वाळत घातली, डबाही ठेवलाय. हार्डवॅक्सचे दोन हात झाले. पहिला हात बसला तेव्हा ते काळे पट्टे, ज्यांच्यामुळे मी परत करायला निघालो होतो, असे काही खुलले की मी बराच वेळ तिथेच बसून राहिलो. धाकलीपाती, तुम्हाला फोटो पाठवतोय.

धाकलीपाती
पाहिला. खरंच सुंदर झालंय, माझा अंदाज चुकला. त्या खिडकीजवळच्या फळ्या तर मला हव्या होत्या.

पाऊलवाट
आठ महिन्यांनी परत येतोय, कारण असले धागे अर्धवट सुटलेले वाचून मलाच वाईट वाटायचं.

कोरड्या दिवसांत फटी पडल्या, सगळ्यात मोठी जाड कार्डाएवढी, आता हवा दमट झाल्यावर जवळपास सगळ्या मिटल्या. जो गठ्ठा १३ दाखवत होता तो ९ वर आल्यावरच लावला होता तरी त्या पट्ट्यात फटी बाकीपेक्षा थोड्या मोठ्याच आहेत, थोडं अजून थांबायला हवं होतं. एक फळी कुरकुरते, दाराजवळ, तिथे दोनऐवजी एकच खिळा बसला होता हे मला ठोकतानाच माहीत होतं. वरून बारीक भोक पाडून एक खिळा मारला आणि थांबली. एक गाठ उचकटली, अंगठ्याने दाबून बघितलेली होती, पण बहुतेक पुरेसा जोर लावला नव्हता. खरवडून काळी इपॉक्सी भरली, तेवढंच घासून तेल लावलं, आता मलाच ती जागा शोधावी लागते.

उरलेले १५ फूट त्याच खोलीत कपाटाच्या मागे उभे ठेवलेत म्हणजे जमिनीबरोबरच तेही ओले कोरडे होत राहतील. कोणाला फोटो हवे असतील तर सांगा, घुबडाचाही आहे.